उभ्या इंजिनाचे तास

नळदुर्गच्या महालिंगप्पाला घाई करताना कुणी पाहिलेलं नाही. सकाळी आंघोळ, गळ्यातल्या लिंगाची पूजा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि मग टँकरभोवती एक फेरी. चाकांवर हात मारून हवा बघायची. खाली वाकून जमिनीवर काही ठिबकलंय का बघायचं. बॉनेट उघडून ऑइलची पट्टी काढायची, पुसायची, परत घालून परत काढायची. एवढं झाल्यावर तो किल्ली फिरवी. फिरवली तरी लगेच निघत नसे. दाराला धरून, मान खाली घालून, इंजिनाचा आवाज एकसारखा होईपर्यंत ऐकत राही.

तीस वर्षं त्यानं सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवले. उस्तादानं त्याला आधी गाडी पुसायला शिकवलं, मग ऐकायला, आणि सगळ्यात शेवटी चालवायला. त्या तीस वर्षांत त्याच्या हाताखाली एकही इंजिन जाम होऊन बसलं नाही. तो स्वतः हे सांगत नसे, ढाब्यावरचे लोक सांगत. आता वय बासष्ट. लांबच्या गाडीवर कुणी घेत नव्हतं. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर मिळे, तेवढंच एक स्टेअरिंग उरलं होतं. ते गेलं तर दुसरं मिळायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

टँकर जुना होता. बोरी नदीकाठच्या विहिरीवर भरायचा आणि अकरा किलोमीटरवरच्या माळवाडीला रिकामा करायचा. विहिरीवर विजेचा भरवसा नसल्यानं पंप गाडीच्याच इंजिनावर चाले. भरायला पाऊण तास. वाडीत पाणी उंच टाकीत चढवायचं, तिथं पस्तीस मिनिटं. तेवढा वेळ गाडी जागची हलत नसे आणि इंजिन उन्हात घोंघावत असे. रोजच्या तीन खेपा.

गाडीवर देखरेख मालकाच्या पुतण्याची, शिवप्रसादची. पंचविशीतला, शिकलेला, वाईट मनाचा मुळीच नाही. त्याच्या मोबाईलमध्ये गाडी कुठं आहे, किती चालली, सगळं दिसे. दहा हजार किलोमीटर झाले की ऑइल बदलायचं, असं त्यात भरून ठेवलं होतं.

महालिंगप्पानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शिवप्रसादनं मोबाईल पुढं धरला. "आप्पा, तीन हजार झालेत. अजून सात बाकी."

दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो हसला. "डिझेल गाडीचं आईल काळंच असतं, आप्पा. आठ दिवसांत काळं पडतं."

"काळ्याला म्या भितो व्हय? काळं पडणं त्याचं कामच हाय. बोटावर घेऊन बघ. पाण्यावानी पातळ झालंय, करपल्याचा वास येतोय. आन् आवाज बदललाय."

"आवाजाचं मालकांना काय सांगू?"

तिसऱ्यांदा महालिंगप्पा बोलला नाही. चैत्रातल्या एका सोमवारी त्यानं पहिली खेप नेहमीसारखी आणली. टाकी काठोकाठ भरून दिली. पाइप गुंडाळून ठेवला. मग वाडीच्या तोंडाशी लिंबाच्या सावलीत गाडी लावली, इंजिन बंद केलं, मागच्या चाकाला दगड लावला आणि किल्ली काढून बॉनेटवर ठेवली. शिवप्रसादला फोन लावून म्हणाला, "आईल घेऊन ये. न्हायतर गाडी इथंच हाय."

शिवप्रसाद मोटारसायकलवर आला तेव्हा सावलीला बाया जमल्या होत्या. पहिल्या खेपेचं पाणी वाटून संपलं होतं. घागरी रांगेत, तोंडं तापलेली.

"आप्पा, उठा. दुसऱ्या खेपेची वेळ झाली."

"आगंगिल्ल," महालिंगप्पा म्हणाला. व्हायचं नाही. तो मराठीत नाही म्हणाला तर त्याला समजावता येई. कानडीत म्हणाला की संपलं, हे सगळ्या नळदुर्गाला माहीत होतं.

"दुसरा ड्रायव्हर आणीन मग."

"आण की. किल्ली ती तिथं ठेवलीया. कुणाला अडवलंय म्या? पर दोनदा सांगून झालंय, माझ्या हातानं हे इंजिन मरायचं न्हाय."

एक बाई उसळली. "माझ्या घरी पाव्हणे बसलेत! तुमच्या आईलापायी त्यास्नी कोरडे ठिवू का?"

"आन् आप्पा रुसल्यात नवरदेवावानी," दुसरी म्हणाली. "तेल काढल्याबिगर उठायचे न्हाईत." बाया हसल्या. महालिंगप्पाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

शिवप्रसादला धीर आला. त्यानं मोबाईल सगळ्यांना दाखवला. "हे बघा. साठ दिवसांत तीन हजार नऊशे साठ किलोमीटर. दहा हजारांचं निम्मंसुद्धा न्हाय. आता तुम्हीच सांगा, चूक कुणाची?"

तेव्हा कस्तुराबाई पुढं आली. वाडीतली पिठाची गिरणी तिची. बारा वर्षांपूर्वी सासऱ्यांनी हात टेकले तेव्हापासून गिरणीचं डिझेल इंजिन तीच चालवत होती. केसांवर, भुवयांवर पीठ. तिनं मोबाईल निरखून पाहिला.

"शिवप्रसाद, माझी गिरणी किती किलोमीटर चालली रं?"

"गिरणी कशी चालंल, काकू?"

"तेच इचारते. जन्मात एक पाऊल टाकलं न्हाय तिनं. तुझ्या मोबाईलच्या हिशेबानं तिचं आईल आजून नवंकोरं पायजे. मग दर महिन्याला खालचा नट खोलून म्या काढते ते काय, उसाचा रस?"

हसू उसळलं आणि या खेपेला ते शिवप्रसादच्या अंगावर आलं.

महालिंगप्पा उठला. धुळीत बोटानं रेघ ओढत सावकाश म्हणाला, "दिसाला तीन खेपा. खेपेला ऐंशी मिनिटं गाडी उभी आन् इंजिन चालू. दिसाचे चार तास. साठ दिसांचे दोनशे चाळीस. माझा उस्ताद सांगायचा, उभ्या इंजिनाचा एक तास म्हंजी रस्त्यावरचे चाळीस किलोमीटर. कर गुणाकार."

शिवप्रसादनं केला. नऊ हजार सहाशे. त्यात रस्त्यावरचे मिळवले. साडेतेरा हजार. त्यानं दोनदा करून पाहिला. मग सोलापूरला मालकांना फोन लावला, आणि बायांनी ओरडा केल्यावर सगळ्यांना ऐकू येईल असा फोनचा आवाज मोठा केला.

मालकांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "त्या म्हाताऱ्याला म्हणावं घरी बस. उद्या दुसरा माणूस पाठवतो."

महालिंगप्पानं खांद्यावरचा पंचा काढला, झटकला, परत खांद्यावर टाकला. स्टेअरिंग गेलं होतं. तरी त्याचा हात किल्लीकडं गेला नाही.

कस्तुराबाई फोनजवळ सरकली. "मालक, म्या माळवाडीची कस्तुराबाई. खेपेच्या वहीवर रोज सही करती ती. बगलेत तीच वही हाय." टँकर आल्याची नोंद वाडीतल्या दोघींनी सही करून द्यायची आणि ती वही आठवड्याला तहसीलला जायची, तिच्यावरूनच मालकाचं बिल निघायचं, असा तिथला रिवाज. "सहीच्या म्होरं शेऱ्याचा रकाना हाय. बारा वर्सांत म्या त्यात अक्षर लिवलं न्हाय. आज लिवते: आईल बदली न केल्यानं गाडी उभी, ड्रायव्हरनं दोनदा सांगितलं हुतं. खोटं हाय का ह्यात काय? आसंल तर सांगा, खोडते."



"बदला ऑइल," मालक शेवटी म्हणाले. "पण शिवप्रसाद, एवढ्या सीझनपुरतंच. पुढच्या साली हा माणूस मला गाडीवर दिसता कामा नये."

फोन बंद झाला. पाहुण्यांवाली बाई म्हणाली, "म्हंजी दुसरी खेप बुडाली म्हना की!"

"बुडाली," महालिंगप्पा म्हणाला. "तुमची माफी मागतो, बाई. तिसरी आणीन."

कस्तुराबाईनं गिरणीतला ऑइलचा डबा देऊ केला. तो त्यानं हात जोडून परत केला. "ते गिरणीचं हाय. गाडीला गाडीचंच लागतंय." एवढा आडमुठेपणा ऐकून शिवप्रसादलाच हसू आलं. तो स्वतः नळदुर्गला गेला, ऑइलची बादली आणि फिल्टर मोटारसायकलला बांधून तासाभरात परतला.

महालिंगप्पानं इंजिन थोडं चालवून गरम केलं, बंद केलं, मग गाडीखाली शिरून नट खोलला. जुनं ऑइल घमेल्यात पडलं, पातळ, धार न धरणारं. त्यानं त्यात दोन बोटं बुडवली आणि उन्हात धरली. काळ्या बोटांवर बारीक चंदेरी कण चमकत होते.

"हे काय?" शिवप्रसादनं विचारलं.

"इंजिनाच्या आतला धातू. झिजायला लागलंय." त्यानं बोटं पंच्याला पुसली. "आजून लई न्हाय."

नवीन ऑइल भरलं. पट्टीवर खूण बघितली. इंजिन लावलं आणि दार धरून तो ऐकत राहिला, एवढा वेळ की बाया कंटाळून घागरी घेऊन पांगल्या.

निघताना शिवप्रसाद शेजारी येऊन बसला. मोटारसायकल त्यानं वाडीतच ठेवली. विहिरीवर पंप सुरू झाला तसं त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मोबाईलमध्ये पहिल्यांदा किलोमीटरऐवजी तास लिहायला घेतले. चाकं थांबलेली, मागं टाकीत पाणी चढत होतं, पायाखालची फळी थरथरत होती.

"आप्पा, पुढच्या साली काय करणार?"

"पुढच्या साली पाऊस चांगला झाला तर टँकरच लागायचा न्हाय," महालिंगप्पा म्हणाला. "न्हाय झाला, तर ह्याच विहिरीवर यीन. मालकाला म्हणावं, हाकलायला तू सोताच ये."

आणि तो खाली उतरून पाइपाची गाठ आवळायला गेला.