कावळ्याला दिलेला शब्द

वडिलांच्या दहाव्याला पोलिसांनी माझ्या धाकट्या भावाला तुरुंगातून रामकुंडावर आणलं. चोरीच्या आरोपाखाली तो आत होता आणि खटला अजून सुरूही झाला नव्हता. कोर्टाने जामीन दिला होता, पण जामीनदार म्हणून उभं राहायला एक नातलग तयार होईल तर शपथ. माझ्या नावावर घर नाही, त्यामुळे माझा उपयोग नव्हता.

पिंड ठेवण्यापुरता हवालदाराने त्याचा उजवा हात मोकळा केला. डावा बेडीतच राहिला. कावळे कठड्यावर बसून होते, पण पिंडाला शिवेनात. जेवणाचा खोळंबा झाला म्हणून मंडळी कुरकुरायला लागली.

"जीव पोरात अडकलाय त्याचा," आत्या म्हणाली.

मग काका पुढे झाले आणि हात जोडून मोठ्याने म्हणाले, "दादा, मी जामीन राहतो. पोराला बाहेर काढतो."

लगेच कावळा शिवला. भाऊ ढसाढसा रडला. त्याला गाडीत कोंबलं आणि मंडळी पानांवर बसली.

पुढच्या आठवड्यात मी कागदांचं विचारायला इंदिरानगरला काकांकडे गेले. ते चक्क हसले.

"अगं, कावळा शिवावा म्हणून बोलावं लागतं तसं. चोराला जामीन राहिलो तर सोसायटीत तोंड कसं दाखवू?"

भाऊ अजून आतच आहे. दर भेटीला जाळीपलीकडून पहिलं हेच विचारतो, "काका कधी येणार?"

काकांच्या शब्दावर त्या दिवशी दोघांनी विश्वास ठेवला. त्यातला कावळा निदान जेवून तरी गेला.