नाडी नसलेला हात

श्रीधन्वंतरीच्या चरणी मस्तक ठेवून, आजच्या धनत्रयोदशीच्या निमित्ताने, मी स्वतः पाहिलेले एक नवल लिहितो.

धाकट्या भावाच्या छातीत दुखू लागले म्हणून मी त्याला मोहाडीहून नागपूरच्या एका इस्पितळात नेले. तपासणी चालू असतानाच त्याचे हृदय थांबले. विजेचे झटके दिले. छाती दाबणारी माणसे दमून बदलली. तरी ते चालेना. तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "एक यंत्र आहे. उपाय अजून प्रयोगासारखाच आहे. लावू?" मी मान हलवली.

पुढे मला आत जाऊ दिले. एका नळीतून काळसर रक्त बाहेर येई आणि यंत्रातून फिरून दुसऱ्या नळीने लालभडक होऊन परत जाई. मेंदू जपावा म्हणून शरीर मुद्दाम थंड केले होते. मी मनगट धरले. हात गार, नाडी नाही.

"बाई, हृदय बंद आहे. मग याचा प्राण आत्ता कुठे आहे?"

"बाबाजी, ते शास्त्र तुम्ही प्रवचनकार शिकलेले. मी फक्त मेंदूपर्यंत रक्त पोचवते. त्यांची नखं बघा."

नखे गुलाबी होती. पंचप्राणांवर मी पुष्कळ प्रवचने केली. पण अशा देहाचा विचार कधी केला नव्हता. मी त्या नळ्यांकडे पाहतच राहिलो.

इतक्यात भावजयीचा फोन आला. "भाऊजी, शेजारचे म्हणून राहिले की धडधड बंद झाली म्हणजे सुतक लागलं. देवापुढं दिवा लावू का नको? मले काही समजत नाही."

ती दिव्याचे विचारत होती, पण तिला हवे होते ते उत्तर वेगळेच होते. प्राण गेल्यावर सुतक, हे मला ठाऊक होते. इथे तो गेला की राहिला, हे मात्र कोणत्याच वचनात सापडेना.

"दिवा लाव. सुतक नाही."

"पोथी पाहून सांगता का, भाऊजी?"

"नखं पाहून सांगतो."

"मग लावते," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भावाचे हृदय थोडे थरथरले आणि हळूहळू स्वतःच्या बळावर चालू लागले. पुष्कळ दिवसांनी तो बोलू लागला, तेव्हा मी उत्सुकतेने विचारले, "तिकडे काय पाहिलंस?"

"काही नाही, दादा. झोप लागली होती."

एवढ्याने माझे समाधान झाले नाही. अजूनही मी त्याला अधूनमधून विचारतो, आणि तो हसून पानाला चुना लावत बसतो.

वाचकहो, आपणांस व आपल्या घरच्या सर्वांना भगवंत निरामय दीर्घायुष्य देवो.