पांढऱ्या कापडातले गठ्ठे

थोरलीला बारावीला चांगले मार्क पडले आणि इंजिनिअरिंगला राखीव जागेवर तिचा नंबर लागला, त्या वर्षाची ही गोष्ट. दोन हजार सालानंतरची. मी कुरकुंभला एका कारखान्यात स्टोअरला होतो, राहायला दौंडात. प्रवेश पक्का व्हायला जात पडताळणीचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि त्याला वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळचा पुरावा. शाळेचा दाखला आमच्याकडं नव्हता. दोघंही शाळेत गेलेच नाहीत, मेंढरांमागं गेले. राहिलं कोतवाल बुक. गावात कोणी जन्मलं किंवा वारलं की कोतवाल त्यात नाव आणि जात लिहून ठेवायचा. ती पुस्तकं पुढं तालुक्याच्या रेकॉर्ड रूमला जमा झाली. वडिलांच्या जन्माची नोंद तिथं माझ्या चुलत्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. त्यामुळं मी निर्धास्त होतो.

तालुका शिरूर की दौंड, ते लिहीत नाही. कारण ज्याच्याशी माझी गाठ पडली तो कारकून वाईट माणूस नव्हता.

गावाचं नाव ऐकून तो म्हणाला, "पाव्हणं, उशीर केलात. उन्हाळ्यात साफसफाई झाली. तुमच्या गावचं गेलं."

"कोतवाल बुक नष्ट करता येतं?"

"छ्या! ते अ वर्गातलं. कायम ठेवायचं असतंय."

"मग?"

"मग काय? आम्ही ड वर्गच नष्ट केला."

मला काही कळेना. त्यानं समजावून सांगितलं. रेकॉर्डचे वर्ग चार, म्हणून गठ्ठे बांधायची कापडंही चार रंगांची. कायम ठेवायचं ते लाल कापडात. तीस वर्षांचं हिरव्यात, दहा वर्षांचं पिवळ्यात. वर्षभरात काढून टाकायचं ते पांढऱ्यात. मागं एके वर्षी वरून लाल कापड आलंच नाही, पांढरं मात्र ढीगभर आलं. तेव्हाच्या माणसानं जीर्ण झालेली कोतवाल बुकं पांढऱ्यात बांधली आणि आत 'अ वर्ग' अशी चिठ्ठी ठेवली. लाल आलं की बदलू म्हणाला. लाल आलं नाही, त्याचीच बदली झाली. मग या उन्हाळ्यात आदेश आला, पांढरे गठ्ठे बाहेर काढा.

"चिठ्ठी कुणीच वाचली नाही?"

"एवढा डोंगर, कोण उघडून बघतंय? आन् रंग कशाला दिलेत मग? वाचायला लागू नये म्हणूनच ना!"

तो हसला. आमच्या स्टोअरला चिठ्ठी न वाचता नुसता पिंपाचा रंग बघून कुणी माल दिला असता तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. इथं सगळं आदेशानुसार झालं होतं, पंचांच्या सह्या होत्या. कागद फाडून ट्रकनं लगद्याच्या कारखान्याला पाठवले होते.

त्याच्या मागं खिडकीखाली आणखी पांढरे गठ्ठे रचलेले दिसले.

"हे कुठले?"

"दुसरी खेप. ट्रकात मावलं न्हाई. सोमवारी गाडी येतीय."

"उघडून दाखवा."

"तसं न्हाई दाखवता येत. सरकारी रेकॉर्ड हाय."

"अहो, तुम्ही त्याचा लगदा करायला निघालात!"

"लगद्याचा आदेश हाय, पाव्हणं. दाखवायचा न्हाई."

मी उठलो नाही. त्यानं माझ्यासमोर डबा खाल्ला, मलाही भाकरी देऊ केली. मग हात पुसत म्हणाला, "लईच चिवट हाय की तुम्ही," आणि एक गठ्ठा ओढून त्याची गाठ सोडली. कोंडवाड्याच्या पावत्या निघाल्या. "बघा, ड वर्ग!" म्हणत त्यानं दुसरा सोडला. वरच चिठ्ठी होती. ठळक अक्षरात 'अ'. खाली भीमेकाठच्या एका गावची कोतवाल बुकं. कुणाकुणाचे जन्म, कुणाचे मृत्यू.

"आयला," एवढंच तो म्हणाला. चिठ्ठीवर बोट ठेवून त्यानं ती पुन्हा वाचली. मग साहेबांना फोन लावला. "साहेब, सोमवारची गाडी थांबवा. न्हाई, म्हंजी, थांबवाच."

कचेरी सुटेपर्यंत आम्ही दोघांनी सगळे गठ्ठे उघडले. बऱ्याच गावांची पुस्तकं लगद्यातून वाचली. आमच्या गावाचं त्यात नव्हतं.

त्यानं मला लिहून दिलं, 'सदर अभिलेख उपलब्ध नाही.' मी म्हणालो, 'नष्ट केला' असं लिहा.

"माझी नोकरी जाईल, पाव्हणं. उपलब्ध न्हाई, हे बी खरंच हाय की."

खरं होतं. पण पडताळणीच्या कचेरीत सांगितलं, उपलब्ध नाही म्हणजे पुरावा नाही. दुसरं काही असेल तर आणा. दुसरं काही नव्हतं.

घरी सगळं सांगितलं तेव्हा पोरीनं दोनदा विचारलं, "कापड पांढरं होतं म्हणून?" मी दोन्ही वेळा हो म्हणालो.

मुदत संपली, जागा पुढच्या मुलाला गेली. तिनं दौंडच्या कॉलेजातून बी.एस्सी.चा फॉर्म आणला आणि माझ्यासमोर बसून भरायला घेतला. नाव, पत्ता, मार्क भराभर लिहिले. जातीच्या रकान्यापाशी आली आणि पेन वर धरून माझ्याकडं बघत राहिली.

"पप्पा, इथं लिहू ना?"

वडील, आजोबा, त्यांची मेंढरं, सगळं आठवत असलेला मी माणूस. तरी मला चटकन हो म्हणता आलं नाही.