एकेकाला आत पाठवा

डॉ. माधवराव काटकर यांची आणि माझी पहिली भेट बहात्तरच्या दुष्काळात झाली. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात एका सरकारी दवाखान्यात ते वैद्यकीय अधिकारी होते आणि मी नुकतीच रुजू झालेली परिचारिका. पहिल्या दिवशी त्यांनी आधी मी जेवले का ते विचारलं, कामाचं बोलणं नंतर.

त्या उन्हाळ्यात मिरजगावकडच्या दुष्काळी कामाच्या खडीकेंद्रावर पोलिसांनी धाड घातली. दिवसभर खडी फोडून संध्याकाळी हातभट्टीची घेणारे वीस-बावीस मजूर ट्रकमधून दवाखान्यात आणले. दारूबंदीच्या खटल्याला डॉक्टरांचा दाखला लागे. 'नशेत' असा शेरा पडला की तुरुंग ठरलेला. मजूर आत गेला की हजेरीपटावरून त्याचं नाव जाई आणि घरची चूल थंड पडे.

हवालदार म्हणाले, "सायेब, समद्यांचं एकच लिवा. हितल्या कोठडीत जागा न्हाई, नगरला धाडायचेत. ट्रक खोळंबलाय."

"एकेकाला आत पाठवा," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी प्रत्येकाला चालायला लावलं, नाव-गाव विचारलं, नाडी पाहिली. दोन तास गेले. बहुतेकांच्या दाखल्यावर लिहिलं, 'तोंडाला वास येतो. चाल सरळ, बोलणं स्पष्ट.' एकजण मात्र झोकांड्या खात होता. त्याने बायकोचं डोकं फोडलं होतं; तिलाही त्याच ट्रकमधून आणलं होतं. शेजारच्या खोलीत मी तिची जखम धूत होते.

"मलाबी सोडा की, सायेब," तो गयावया करू लागला. डॉक्टरांनी त्याची नशा आणि तिची जखम, दोन्ही सविस्तर नोंदवल्या.

कोर्टात सरकारी वकिलांनी टोचलं, "दारूबंदी आपल्याला मान्य नाही काय?"

"मी दारूला शिवत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण वास म्हणजे नशा नव्हे. या माणसांनी कुणाला इजा केलेली मला दिसली नाही. ज्याने केली, त्याचं लिहून दिलं आहे."

त्या एकाला शिक्षा झाली, बाकीचे सुटले. महिन्याभरात डॉक्टरांची बदली झाली. मी संतापले होते. ते कपाट आवरत म्हणाले, "सिस्टर, ती बाई आता एकटी आहे. तिचं नाव कामावर लावायला मामलेदारांना सांगितलंय. तुम्ही पाठ सोडू नका." मी सोडली नाही, तिचं नाव लागलं.

सुटलेल्यांपैकी एकजण पुढे दारूनेच गेला. डॉक्टर हे लपवत नाहीत. "त्याला तुरुंग नको होता, उपचार हवे होते. ते मी देऊ शकलो नाही," असं ते म्हणतात. निवृत्तीनंतर संगमनेरला त्यांनी घराची ओसरी व्यसन सोडू पाहणाऱ्यांसाठी उघडली, ती या रुखरुखीतूनच.

आज ते पंचाहत्तर वर्षांचे झाले. ऐकू कमी येतं, म्हणून येणारे आपली दुःखं मोठ्याने सांगतात आणि तेही कंटाळत नाहीत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्या ओसरीवर अजून पुष्कळांना यायचं आहे.