रेकॉर्डिंगमधले हात

बदनापूरच्या आमच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर आला तो ह्यांच्या ऑफिसच्या कामासाठी. निदान मला तरी तसंच सांगण्यात आलं होतं. पंधरा दिवसांत त्याच्या पोटात टीव्हीचं कार्ड बसलं, केबलवाल्याची वायर टीव्हीतून निघून त्याच्यात गेली आणि ऑफिसचं काम ऑफिसातच राहिलं. कॉम्प्युटरवर टीव्ही दिसायचा, वर चालू कार्यक्रम रेकॉर्डही करता यायचा. मग तो हवा तिथे थांबवा, मागे न्या, पुन्हा बघा. ह्यांनी सगळी डिस्क क्रिकेटनं भरून टाकली. जागा इतकी कमी, की एक नवं ठेवायचं तर एक जुनं पुसायला लागे, आणि पुसायचं म्हटलं की ह्यांचा जीव खालीवर व्हायचा.

"त्या मॅचचा निकाल लागून महिना झाला. आता काय फरक पडणार हाय का त्याच्यात?" मी विचारायची.

"तुला न्हाई कळायचं ते," हे म्हणायचे.

तरी त्या वर्षी दिवाळीनंतर ह्यांनी स्वतःहून दोन मॅचा पुसल्या. बायको टीव्हीवर येणार होती.

माझं माहेर टेंभुर्णीचं. आमचे आबा कपाशीचा बियाण्याचा प्लॉट करायचे. हे काम नुसत्या कपाशीसारखं नाही. उद्या उमलणारी कळी आज दुपारी हातानं सोलायची, तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचं फूल आणून तिच्यावर घासायचं. याला आमच्याकडे सगळे क्रॉसिंग म्हणतात. दहाव्या वर्षापासून मी ते केलंय. अडचण एकच असायची. काल सोललेली कळी आज झाडावर सापडत नसे. बाया लाल कागदाचे तुकडे लावायच्या, ते वाऱ्यानं उडून जायचे. चुकलेल्या फुलाचं बी चांगल्या बियाण्यात मिसळलं की बियाणे कंपनीकडून अख्खा प्लॉट नापास.

लग्नाच्या आधीच्या वर्षी मी एक जुना स्वेटर उसवला आणि त्याची लोकर कळीच्या देठाला बांधायला लागले. मग डोक्यात आलं, रोजचा रंग वेगळा ठेवावा. सोमवारी हिरवा, मंगळवारी पिवळा, असं. सकाळी बाईला एवढंच सांगायचं, आज फक्त पिवळे शोध. आणि शेवटी ज्या बोंडाला लोकर नाही ते खुडून टाकायचं. त्या वर्षीपासून आमचा प्लॉट कधी नापास झाला नाही. लग्न झाल्यावरही दर हंगामात आठ-पंधरा दिवस मी जायची, नव्या बायांना शिकवायची. सासूबाई कुरकुर करायच्या, पण जाऊ द्यायच्या.

त्या हंगामात टीव्हीवरच्या शेतीच्या कार्यक्रमवाले येणार म्हटल्यावर आबांनी शेजाऱ्यांकडे फोन केला. "माय, तूच ये. मला न्हाई जमत बोलायला. डोकं तुझं हाय, तूच सांग."

हे वाक्य मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतं.

मी गेले. मोरपंखी साडी नेसले, पदराला माइक लावून घेतला आणि अर्धा तास बोलले. आधी अडखळले, नंतर अशी रंगात आले, की कॅमेरावालाच म्हणाला, बाई, जरा थांबा. त्यांनी माझ्या हातांचंही जवळून शूटिंग घेतलं, कळी सोलताना, लोकर बांधताना. आबा बांधावर उभे होते. धाकटा भाऊ जालन्याला कॉलेजात होता, तो आलाच नव्हता.

कार्यक्रम लागायचा त्या वेळी टेंभुर्णीत लाइट नसायची, भारनियमनाची वेळच ती. आमच्याकडे असायची. म्हणून आबांनी बजावून सांगितलं होतं, बराबर भरून ठेव, आम्ही येऊन बघतो. मी गल्लीतल्या सात-आठ बायांना बोलावलं. चिवडा केला. ह्यांनी पाच मिनिटं आधीच रेकॉर्डिंग चालू केलं आणि म्हणाले, "आता कुणी वायरला पाय लावू नका."

आधी आबा दिसले. फेटा बांधलेले. नमस्कार करून त्यांनी आपली जमीन किती, पाणी कुठलं, हे सांगितलं. मग निवेदकानं विचारलं, ही रंगीत लोकरीची कल्पना कुणाची?

आबा म्हणाले, "ही माझ्या पोराची. शिकलेला हाय ना."

आणि भाऊ आला. नवा चौकड्याचा शर्ट, हातात लोकरीचा गुंडा. खाली त्याच्या नावाची पट्टी. तो बोलत राहिला, आणि मध्येच पडद्यावर हात आले. हिरव्या बांगड्या, उजव्या अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग. माझे हात. कळी सोलत होते ते, लोकर बांधत होते, आणि वरून भावाचा आवाज सांगत होता, "मजूर बायांना आम्ही अशा रीतीनं ट्रेनिंग देतो."

कार्यक्रम संपला. एक बाई म्हणाली, "तुम्ही कवा येणार मंग?" मी म्हटलं, वेळ कमी असतो हो त्यांच्याकडं, कापलं असंल. सगळ्यांनी चिवडा खाल्ला.

ह्यांनीही तेच सांगितलं. टीव्हीवाल्यांचंच काम हे, घरच्यांचा काय दोष, निवेदकानं आबांना गोंधळवलं असेल. मलाही तसंच वाटायला हवं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी हे ऑफिसला गेल्यावर मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. मागे नेलं, थांबवलं. भावाच्या तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवलं, म्हणून त्याच्या मागच्या झाडांकडे बघितलं.

झाडांवर एकही फूल नव्हतं. लिंबाएवढी बोंडं लागलेली. मी बोलले तेव्हा प्लॉट फुलांनी भरलेला होता. म्हणजे भावाचं शूटिंग महिना-सव्वा महिन्यानं, पुन्हा बोलावून केलेलं. फुलं संपल्यामुळे त्याला करून काही दाखवता येईना, म्हणून माझे हात घातले. आणि लोकर! सगळी एकाच रंगाची, लाल, आणि बांधलेली कुठे, तर पानांच्या देठांना. माझ्या हाताखालची कालची बाईसुद्धा असं बांधणार नाही. कुणीतरी शूटिंगच्या दिवशी घाईघाईनं झाडं सजवली होती. वावरात असं करणारं घरातलं माणूस एकच, ज्याला क्रॉसिंगचं काम कधी स्वतः करावं लागलं नाही. बांधावर उभं राहून हुकूम देणारे आबा.

कार्यक्रमवाल्यांना दोष देत राहिले असते तर बरं झालं असतं. मी ते चित्र किती वेळ तसंच थांबवून बसले, आठवत नाही. दूध उतू गेलं एवढं खरं.

रविवारी आबा आले. एकटेच. खांद्यावर पिशवी, पिशवीत माझ्यासाठी तीळ आणि गूळ. चहा घेतला आणि खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसले. "लाव, माय."

मी लावलं. स्वतःला पडद्यावर बघून ते लहान पोरासारखे हसले. भाऊ आला तशी मी माउस दाबला. चित्र थांबलं.

"का गं? लाइट गेली का?"

"न्हाई. आबा, याच्या मागची बोंडं बघा. किती दिवसांची हायेत?"

त्यांनी बघितलं. कपाशीवाला माणूस तो, बोंडाचं वय त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. उपरण्यानं तोंड पुसलं. ह्यांच्याकडे बघितलं, तर हे उठून आत गेले.

"त्यांला मीच परत बोलावलं व्हतं," आबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पडलेलाही नव्हता. "तुझं बोलणं चांगलं झाल्तं. पर त्यांनी मला विचारलं, पट्टीवर बाईंचं नाव काय लिहायचं. मी तुझं नाव सांगाया लागलो आन् आडनावापाशी आलो. मंग माझ्या ध्यानात आलं. वावर माझं, आन् त्याच्यावर नाव जाणार दुसऱ्याच्या घराचं. गाव हसलं असतं मला."

"ते दुसऱ्याचं घर तुम्हीच बघून दिलं मला."

"मंग? वाईट दिलं का?"

माउसवरचा हात मी काढला नाही. तेवढ्यात त्यांनीच माझ्या हातातला माउस कसाबसा दाबला आणि चित्र चालू झालं. हिरव्या बांगड्या आल्या.

"हे बघ की," ते खूश होऊन म्हणाले, "हात दिसून राह्यले ना तुझे. बिलकुल साफ आलेत."

"आणि गावात कुणी विचारलं, हे हात कुणाचे, तर?"

आबांनी पडद्यावरची नजर काढली नाही. अगदी सहज, मला समजावल्यासारखं म्हणाले, "कोण विचारणार हाय, माय?"

नंतर त्यांनी ते अजून दोनदा बघितलं. सीडी मागितली, ह्यांनी ती करून दिली. आबांनी ती उपरण्यात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि चपला घातल्या. दर वेळी मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला जायची, बस हलेपर्यंत खिडकीशी उभी राहायची. त्या दिवशी मी दारातूनच नमस्कार केला.