मुका चौथा आवाज

माझे शिक्षण चौथीपर्यंतच. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही गिचमिड आहे, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. वासुदेवदादा गेल्याचा वहिनीचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी बेसा भागातल्या आमच्या घरी दादासाठी पेज गाळत होते. गॅस बंद केला, आणि पहिले नाव मनात आले ते दादाचे नव्हे... मधुकरचे.

दादा ऑर्केस्ट्रावाल्यांचे जुने सिंथेसायझर दुरुस्त करायचा. त्याचे हात यंत्रात गुंतलेले, म्हणून पट्टी दाबायला मी. त्या यंत्रात सहा आवाज असतात. एकच पट्टी सहादा दाबली की दरवेळी वेगळा आवाज बोलतो. "दाब वं सुमन, अन् मोजत राय." एक, दोन, तीन... चौथ्याला काहीच नाही. मग दादा चौथ्या जागेवरची चिप दुसऱ्या जागी लावायचा. मुकेपणा चिपसोबत गेला तर चिप मेली. चौथ्या जागीच राहिला तर चिप चांगली, खालचा सोल्डरचा टाका तुटलेला. "तुह्या वहिनीले माहेरी धाडलं तरी घरातली कटकट घरातच राहते," तो म्हणायचा, "म्हणजे दोष माह्यातच आहे." वहिनी आतून लाटणे वाजवायची.

मधुकर ऑर्केस्ट्राचा मालक. कोराडीच्या कॉलनीत कार्यक्रम रंगात असताना त्याच्या यंत्राचा चौथा आवाज गेला. ते दादाने महिन्यापूर्वीच दुरुस्त केले होते. चारचौघांत मधुकर म्हणाला, "अस्सल चिप चोरली यानं, डुप्लिकेट बसवली." दादाने हात जोडले, एकदा यंत्र उघडू द्या म्हणाला. मधुकरने उघडू दिले नाही. पोलिसांची धमकी देऊन भरपाईचे तीस हजार घेतले. दादाने तपासणीचे महागडे यंत्र, ऑसिलोस्कोप, विकून ते भरले. पुढे कोणी काम दिले नाही. रिकाम्या टेबलाशी बसून बसून दादा वर्षभरात संपला.

तेरवीला न आलेला मधुकर महिन्याने तेच यंत्र घेऊन दारात उभा राहिला. सोबत त्याचा ऑक्टोपॅडवाला. आता तीन आवाज मुके होते. "दादांचा चिपचा डबा असन ना, ताई?"

परक्या माणसापुढे मी कधी तोंड उघडले नव्हते. पट्ट्यांकडे बघतच म्हणाले, "चोराच्या डब्यातलं चालते का तुम्हाले?"

यंत्र मीच उघडले, दादाचे बघून बघून हात बसला होता. ऑक्टोपॅडवाल्याला पट्टी दाबून मोठ्याने मोजायला लावले. चौथी चिप दुसऱ्या जागी घातली. दुसरा बोलला. चौथा मुकाच. खालच्या टाक्याला बारीक भेग होती, टेम्पोत आदळत नेल्याची.

"चिप तं बरोबर आहे ना गा भाऊ," ऑक्टोपॅडवाला म्हणाला. मधुकरचा चेहरा उतरला, आणि मला फार बरे वाटले. लपवत नाही.

"टाके मारून द्या ताई, नवरात्राचं बुकिंग आहे."

"एका आवाजाचे दहा हजार. दर आठवड्याले एकच आवाज. अन् येताना नवा माणूस संग आणा, दादानं चोरी केली नोती हे त्याच्यासमोर सांगा."

"इतकं काहून, ताई?"

मी यंत्राचे झाकण लावले.

पहिल्या आठवड्यात त्याने गायकाला आणले, दुसऱ्यात साउंडवाल्याला, तिसऱ्यात कॉलनीच्या समितीच्या माणसाला. तिन्ही वेळा सांगताना तो अडखळला... मी पुन्हा, मोठ्याने सांगायला लावले. बसा म्हटले नाही, पाणी विचारले नाही. चौथा आवाज मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. टाका मारला, समितीवाल्याकडून पट्टी सहादा दाबून घेतली, साही बोलले. मग मधुकरला उभा ठेवून शेवटचे दहा हजार सावकाश दोनदा मोजले. तीस हजार पुरे झाले.