नळीतला पीळ
परवा दाराच्या बिजागरीत तेल सोडलं आणि त्या वासासरशी गडचिरोलीबाहेरची चांदमारी, आमचं नेमबाजीच्या सरावाचं मैदान, डोळ्यांपुढे आली. ऐंशीच्या दशकातला उन्हाळा होता, हवेत मोहफुलांचा दर्प होता, आणि आम्ही दोघे पोलीस शिपाई नेमबाजीच्या संघातल्या शेवटच्या एका जागेसाठी झगडत होतो. त्या वर्षी आम्हाला नव्या गोळ्या मिळाल्या होत्या, लांब आणि जड. माझ्या गोळ्या निशाणाच्या कागदभर विखरायच्या. माझा हात कापतो असं साहेबांनी ठरवूनच टाकलं होतं. सगळे नुसते गुण मोजत. माझा प्रतिस्पर्धी मात्र माझा कागद उन्हात धरून भोकं पाहत बसला. ती गोल नव्हती, धानाच्या दाण्यासारखी लांबट होती. "तुहा हात नाई कापून राह्यला गा, गोळी आडवी होऊन राह्यली," तो म्हणाला. मग त्याने नळी साफ करायच्या गजाला चिंधी गुंडाळून तो दोन्ही रायफलींच्या नळ्यांतून सरकवला. त्याच्या नळीत गज झरझर फिरला, माझ्या नळीत आळसावल्यासारखा. गोळीला फिरवणाऱ्या, नळीच्या आतल्या खाचांचा पीळ माझ्या रायफलीत सैल होता, एवढ्या लांब गोळीला पुरेशी गिरकी देणं त्याला जमत नव्हतं. "निवडीच्या दिवशी माही रायफल घे." "अन् तू?" "मीबी तिनंच मारतो. आळीपाळीनं." निवड माझी झाली. निघताना त्याने ती रायफल माझ्या खांद्याला अडकवली आणि म्हणाला, "तिले साफ ठेवजो." स्पर्धेत मी कितवा आलो ते लोकांना अजून सांगतो, पण ती जागा नेमकी कोणाची होती, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.